अंगठा वर केला म्हणजे नेमकं काय केलं?

थोरली मावशी गेली त्या पहाटे मावसभावाने घरच्या ग्रुपवर दोनच ओळी टाकल्या. 'आई चारला गेली. बारापर्यंत थांबतोय.' पाच-सात मिनिटांत त्याखाली मामांचा अंगठा उमटला. वर केलेला, पिवळाधमक. बाकी सगळ्यांचे हात जोडलेले, कुणाचं 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मधेच तो अंगठा. मावसभावाने स्क्रीनकडे बघितलं आणि फोन पालथा घातला.

मामा साडेअकराला पोचले. पहिल्या एसटीत उभ्याने आले होते. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात फोन, चष्मा पिशवीत. त्यांना म्हणायचं होतं, 'वाचलं रे बाबा, निघालो.' बोट जिथे पोचलं तिथे दाबलं. बहिणीच्या पायाशी बसून ते ढसाढसा रडले, तेव्हा कुठे मावसभावाच्या मनातला सल गेला.

तेव्हापासून ही खूण माझ्या डोक्यातून जात नाही. मी बागकामाच्या एका मराठी ग्रुपची अ‍ॅडमिन आहे, त्यामुळे दिवसाला शे-दीडशे अंगठे डोळ्यांखालून जातात. माझं मत असं झालंय की अंगठा हे नुसतं उत्तर असतं. प्रश्न कोणता, ते ती जागा ठरवते, आणि बहुतेक ठिकाणी तो प्रश्न कुठे लिहिलेलाच नसतो. मामांनी 'निरोप पोचला का?' याला उत्तर दिलं होतं. मावसभावाने ते 'ऐकून कसं वाटलं?' याचं उत्तर म्हणून वाचलं. दोघांचंही काही चुकलं नव्हतं.

आपल्या भाषेत तर वर केलेल्या अंगठ्याला 'शाब्बास' हा अर्थ मुळात नव्हताच. अंगठा दाखवला म्हणजे ठेंगा दाखवला, देतो म्हणून सांगितलं आणि ऐनवेळी हात वर केले. कागदावरचा अंगठा पुन्हा वेगळा. जुन्या खरेदीखतांवर नावापुढे 'नि. डा. अं.' असं लिहिलेलं असे, म्हणजे निशाणी डावा अंगठा. ज्याला सही येत नाही त्याची ती सही. एकच बोट एकीकडे नकार देत होतं आणि दुसरीकडे जमीन लिहून देत होतं. इराणमध्ये वर केलेला अंगठा पूर्वापार शिवी समजला जातो. आणि मालवण-तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगला गेलात तर पाण्यात शिरण्याआधी पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की खाली गेल्यावर 'सगळं ठीक' सांगायला अंगठा दाखवायचा नाही. तिथे वर केलेला अंगठा म्हणजे 'मला वर घेऊन चला'. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

रोमच्या आखाड्याची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. अंगठा वर म्हणजे हरलेल्याला जीवदान, खाली म्हणजे मरण. हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलं त्यात ज्याँ-लेऑं जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ सालच्या एका चित्राचा मोठा हात आहे. जुन्या लॅटिन मजकुरात उल्लेख सापडतो तो फक्त 'वळवलेल्या अंगठ्याचा'. तो वर वळवलेला की खाली, हे तिथे लिहिलेलं नाही. काही अभ्यासकांच्या मते वर ताठ केलेला अंगठाच मरणाचा होता आणि मुठीत दाबून धरलेला अंगठा दयेचा.

ऑनलाइन जगात या खुणेला आणखी एक वाचक मिळाला, तो म्हणजे यंत्र. फेसबुकने ९ फेब्रुवारी २००९ला लाइकचं बटण आणलं. त्याआधी 'छान', 'मस्त', 'अभिनंदन' अशा एका शब्दाच्या कमेंटांची रांग लागायची. ते सगळं एका टिचकीत मावलं. आपल्याला वाटलं, लिहायचा त्रास वाचला. पण 'मस्त' हा शब्द माणूस वाचतो आणि लाइक माणसासोबत यंत्रही मोजतं. त्या मोजणीवरून ठरतं की तुमच्यासमोर उद्या काय यायचं आणि तुमची पोस्ट आणखी कुणासमोर जायची. म्हणजे अंगठा एकाच वेळी दोन ठिकाणी जातो. लिहिणाऱ्याकडे दाद म्हणून, आणि यंत्राकडे मत म्हणून.

हा मत असण्याचा भाग सर्वांत स्पष्ट दिसतो तो रेडिट हे चर्चेचं संकेतस्थळ किंवा स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ अशा ठिकाणी, जिथे प्रत्येक उत्तराशेजारी वर आणि खाली असे दोन बाण असतात. तिथे अंगठा मुख्यतः क्रम लावतो. हे गणित जरा नीट बघू, कारण बरेचसे गैरसमज इथूनच निघतात.

समजा, कुणीतरी विचारलं, 'कढीपत्त्याची पानं पिवळी पडताहेत, काय करू?' पहिल्या उत्तराला एकच मत पडलंय, तेही वरचं. दुसऱ्याला शंभर मतं, त्यातली नव्वद वर आणि दहा खाली. कुठलं उत्तर आधी दाखवायचं? टक्केवारी काढली तर पहिलं शंभर टक्के, दुसरं नव्वद. म्हणजे एकाच माणसाला पटलेलं उत्तर वर जाईल, आणि तो एक माणूस उत्तर देणाऱ्याचा भाऊही असू शकतो. बरं, वजाबाकी करून बघू. वरच्यांतून खालची वजा केली की दुसरं ऐंशी, पहिलं एक. हे बरं दिसतं. पण आता तिसरं उत्तर घ्या, ६०० वर आणि ५०० खाली. वजाबाकी शंभर येते, म्हणजे ते ऐंशीवाल्याच्याही वर चढलं. जवळजवळ निम्म्या लोकांना जे चुकीचं वाटतं, तेच पहिल्या नंबरला.

इथे एडविन विल्सन या अमेरिकी गणितज्ञाने १९२७ साली मांडलेली रीत उपयोगी पडते. ती असा विचार करते: आत्तापर्यंत पडलेली मतं म्हणजे पेटीतून चाखलेले आंबे. एक आंबा गोड निघाला म्हणून पेटी गोड, असं विकणारा म्हणेल. गिऱ्हाईक म्हणेल, अजून चार कापून दाखवा. म्हणून रीत विचारते की उद्या सगळ्यांनी मत दिलं, तर निदान किती टक्के लोक वरचा बाण दाबतील अशी खात्री आत्ता देता येते? ९५ टक्के खात्रीची अट ठेवून हिशोब केला तर एकापैकी एक मत मिळालेल्या उत्तराला फक्त २१ टक्के मिळतात. दहापैकी दहा मिळाली तर ७२. शंभरपैकी नव्वदवाल्याला ८३. आणि ते ६००-५०० वालं ५२ वर येऊन थांबतं. क्रम बरोबर लागला. रेडिटने कमेंटा 'बेस्ट' क्रमाने लावायला २००९मध्ये हीच रीत घेतली.

या गणितात खालचा अंगठा वरच्याइतकाच कामाचा आहे. तो नसेल तर नव्वद मतं शंभर जणांतून पडली की हजारांतून, हे कळायला मार्ग नाही. जे बघून गप्प पुढे गेले त्यांना पटलं नाही, की त्यांनी वाचलंच नाही? म्हणून खालचा अंगठा म्हणजे दुष्टपणा असं मी मानत नाही. चुकीचं औषध, चुकीचं प्रमाण, चुकीचा कायदा सांगणारं उत्तर खाली ढकललं जाणं ही वाचणाऱ्यांची गरज आहे.

स्टॅक ओव्हरफ्लो ही २००८ साली सुरू झालेली प्रोग्रॅमर मंडळींची प्रश्नोत्तरांची जागा. त्यांनी ही गरज ओळखली आणि तिला किंमतही लावली. तिथे प्रत्येकाच्या नावावर गुण जमतात. उत्तराला वरचं मत पडलं की लिहिणाऱ्याला १० गुण मिळतात. खालचं पडलं की त्याचे दोन जातात, आणि खालचं मत देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो. शिवाय वरचं मत द्यायला १५ गुण लागतात, खालचं द्यायला १२५. म्हणजे आधी इथे थोडं राबा, मग दुसऱ्याला खाली ओढण्याचा हक्क घ्या, आणि तोही पदरचं काही घालून. मला ही फार समजूतदार व्यवस्था वाटते. बाणावर बोट नेलं की तिथे लिहिलेलं दिसतं, 'हे उत्तर उपयोगी आहे', 'हे उत्तर उपयोगी नाही'. प्रश्न लिहून ठेवलेला आहे. आवडलं का, पटलं का, हा माणूस आपला का, असं तिथे कुणी विचारलेलं नाही.

तरीही माणसं विचारलेल्या प्रश्नाला सोडून मनातल्या प्रश्नाला उत्तर देतात. रेडिटच्या शिष्टाचारातही लिहून ठेवलंय की एखादी गोष्ट तुम्हाला पसंत नाही एवढ्यावरून तिला खाली ढकलू नका. रोज ढकलली जाते. आमच्या बागेच्या ग्रुपवर झालेलं सांगते. एकाने गुलाबाबद्दल विचारलं. एका निवृत्त कृषी सहायकांनी सविस्तर उत्तर दिलं, कुंडीच्या मापाप्रमाणे किती ग्रॅम मिश्रखत, किती दिवसांनी, किती पाण्यासोबत. त्यांचं प्रमाण अचूक होतं, मी स्वतः वापरलेलं आहे. पण ग्रुपमध्ये सेंद्रियवाले पुष्कळ. दहा मिनिटांत त्या उत्तराखाली खाली वळलेले सात अंगठे. त्या सात जणांना म्हणायचं होतं, 'आम्ही रासायनिक खत घालत नाही.' त्या काकांनी वाचलं, 'तुम्हाला काही कळत नाही.' ज्याने प्रश्न विचारला होता त्याने वाचलं, 'हे प्रमाण चुकीचं आहे.' काकांनी त्यानंतर काही लिहिलं नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाले, "ताई, चाळीस वर्षं बांधावर गेली माझी. चुकलं असेल तर चुकलं सांगा ना, काय चुकलं ते तरी सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. खालचा अंगठा कारण सांगत नाही, हा त्याचा सगळ्यांत मोठा दोष आहे.

त्या काकांनी मौन धरलं, पण सगळे तसं करत नाहीत. २०१४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बातम्यांच्या काही मोठ्या संकेतस्थळांवरच्या कमेंटा आणि त्यांवरची मतं तपासली. वरची मतं मिळालेल्यांच्या लिखाणात फारसा फरक पडलेला दिसला नाही. खालची मतं मिळालेले मात्र नंतर जास्त लिहायला लागले, आधीपेक्षा वाईट लिहायला लागले, आणि दुसऱ्यांनाही जास्त वेळा खाली ढकलायला लागले. एकाला बसलेला टोला पुढच्याकडे जातो. आपल्याला वाटतं आपण तण उपटतोय, आणि बी उडून चार वाफ्यांत पडतं.

वरचा अंगठाही दिसतो तितका साधा नाही. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या १,०१,२८१ कमेंटांपैकी काहींना, कोणतीही निवड न करता, सुरुवातीलाच एक खोटं वरचं मत दिलं, काहींना खालचं, आणि उरलेल्यांना काहीच नाही. ज्यांना वरचं मिळालं त्यांना पहिल्या वाचकाने वरचं मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटी त्यांचे सरासरी गुण इतरांपेक्षा २५ टक्के जास्त भरले. कमेंटा त्याच होत्या, दर्जा तोच होता, फक्त पहिला अंगठा आयता दिला होता. ज्यांना खोटं खालचं मत मिळालं, त्यांना मात्र नंतरच्या वाचकांनी वर आणून सोडलं. म्हणजे अन्याय दिसला तर लोक सावरतात, पण फुकटचं कौतुक दिसलं तर त्यात आपलंही मिळवतात. ग्रुपवर कुणी कविता टाकली की पहिल्या दोन मिनिटांत काय येतं त्यावर पुढचा सगळा सूर ठरतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की हे आकडे वाचून मला नवल वाटलं नाही.

यूट्यूबची कथा थोडक्यात सांगते. तिथे आधी पाच तारे होते. २००९ साली त्यांनीच जाहीर केलं की जवळपास सगळे लोक पाचच तारे देतात, मधल्या ताऱ्यांना कुणी हात लावत नाही. म्हणून २०१०पासून दोन अंगठे आले. मग खालच्या अंगठ्याचा मोर्चा निघू लागला. २०२०च्या ऑगस्टमध्ये एका हिंदी सिनेमाच्या ट्रेलरवर एक कोटीहून जास्त डिसलाइक पडले. ट्रेलर कसा आहे याच्याशी त्याचा संबंध नव्हता. एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतर सिनेसृष्टीतल्या घराणेशाहीवर लोकांचा राग होता, आणि तो दाखवायला जागा मिळाली ती ही. १० नोव्हेंबर २०२१ला यूट्यूबने डिसलाइकचा आकडा सगळ्यांपासून लपवायचं जाहीर केलं. छोट्या चॅनलवाल्यांवर ठरवून हल्ले होतात, असं कारण दिलं. बटण अजून आहे, आकडा फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला दिसतो. मला हा निर्णय अर्धाच पटतो. नळ दुरुस्तीचा व्हिडिओ बघताना खालच्या अंगठ्यांचा आकडा मोठा असला की मी थांबायचे. ती सोय गेली. आणि डिसलाइक दाबून तसले व्हिडिओ यायचे थांबतात का? फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने २०२२मध्ये वीस हजारांहून जास्त लोकांच्या मदतीने तपासलं. डिसलाइकमुळे नको असलेल्या शिफारशींपैकी जेमतेम १२ टक्के टळल्या.

फेसबुकने मुख्य पोस्टवर खालचा अंगठा कधी दिलाच नाही. २०१६च्या फेब्रुवारीत लाइकच्या जोडीला बदाम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग आले. त्यातल्या रागाचं काय झालं ते कंपनीच्या आतल्या कागदपत्रांतून २०२१मध्ये बाहेर आलं. २०१७पासून या नव्या खुणांना लाइकच्या पाचपट वजन होतं. तुम्ही संतापून लाल चेहरा दाबायचा, आणि यंत्र समजायचं की या माणसाला हे फार महत्त्वाचं वाटतंय, आणखी लोकांना दाखवूया. नकार म्हणून दाबलेली खूण शिफारस म्हणून मोजली गेली. रागाचं वजन शून्यावर आणेपर्यंत सप्टेंबर २०२० उजाडला.

आता कायद्याकडे. इथे अंगठा महागात पडलेल्यांची उदाहरणं आहेत, आणि पहिलं आपल्याच घरचं आहे. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. लिहिणारीलाही आणि लाइक करणारीलाही. नंतर गुन्हे मागे पडले, पण त्या अटकेतूनच सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ला ऑनलाइन लिखाणावरून अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ रद्द झालं. ज्या दिवशी एखाद्या मुलीला लाइकवरून पोलीस ठाण्यात नेलं जातं, त्या दिवशी लाइकचा अर्थ ती मुलगी ठरवत नसते.

मद्रास उच्च न्यायालयापुढे २०२४ साली आलेलं प्रकरण तर थेट आमच्या मामांसारखं आहे. रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानाने ग्रुपवर आलेल्या, एका अधिकाऱ्याच्या हत्येच्या बातमीखाली अंगठा टाकला. हत्येचा आनंद साजरा केला असं म्हणून त्याला नोकरीतून काढलं. न्यायालय म्हणालं, अंगठ्याचा अर्थ 'ओके' असाही होतो, बातमी बघितली एवढंच तो सांगत होता असं धरता येतं. त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं.

आणि कॅनडात याच्या उलट झालं. सस्कॅचवान प्रांतातल्या एका शेतकऱ्याला धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने मार्च २०२१मध्ये जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'कृपया करार पक्का करा.' शेतकऱ्याने अंगठा पाठवला. पुढे जवसाचे भाव चांगलेच चढले आणि त्याने माल दिला नाही. तो म्हणाला, अंगठा म्हणजे फोटो मिळाला, एवढंच. न्यायालयाने त्यांचे आधीचे व्यवहार तपासले. पूर्वीही असेच करार फोनवर आले होते, त्याने 'ओके', 'हो' असं एका शब्दाचं उत्तर दिलं होतं आणि प्रत्येक वेळी माल पोचवला होता. मग या वेळचा अंगठा वेगळा कसा? जून २०२३मध्ये निकाल लागला की तो अंगठा म्हणजे सही. शेतकऱ्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला सांगितले, आणि डिसेंबर २०२४मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. जुन्या खरेदीखतांवरचं 'नि. डा. अं.' मोबाइलमधून परत आलं म्हणायचं.

मद्रासचा अंगठा 'पाहिलं' ठरला आणि सस्कॅचवानचा 'मान्य'. दोन्ही निकाल मला योग्य वाटतात, कारण दोन्हीकडे न्यायाधीशांनी त्या खुणेच्या आधी काय घडलं होतं तिकडे बघितलं.

एवढं सगळं वाचून ठेवलेलं असूनही गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत घोळ झालाच. पाणी आलं नाही. सेक्रेटरी काकूंनी सकाळी साताला ग्रुपवर टाकलं, 'टँकर मागवतेय, घरटी दीडशे रुपये येतील.' अठरा अंगठे आले. टँकर आला, पाणी भरलं, आणि पैसे दिले अकरा घरांनी. बाकी सात जण खोटं बोलत नव्हते. कुणी गावाला होतं, कुणाकडे स्वतंत्र टाकी होती, त्यांनी निरोप वाचल्याची पोच दिली होती. काकूंनी उरलेले पैसे पदरचे घातले आणि महिनाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. नंतर सातही जण एकेक करून दारात पैसे घेऊन गेले. त्यांनी घेतले नाहीत.

आता त्यांचा निरोप असा येतो: 'टँकर हवा असेल आणि पैसे देणार असाल तर अंगठा. नुसतं वाचलं असेल तर नमस्कार. नको असेल तर नको असं लिहा, मला राग येत नाही.' या मंगळवारी नऊ अंगठे होते, सहा नमस्कार, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मराठीत टाइप करून लिहिलं होतं, 'नको. मुलाकडे चाललोय. परवा येतो.'